भिगवणला ६०० मिमी घेऊन गेलो तरी फोटो मऊ का येतात? (मूळ फ्रेम्ससह चर्चा)

पाणथळ

दिवाळीत आपल्या पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या गटातल्या बऱ्याच जणांच्या घरी २००-६००, १८०-६००, १००-५०० मिमीच्या झूम लेन्स आल्या आहेत. एकदोघांनी थेट ६०० मिमी एफ/४ (झूम नसलेली, जास्त प्रकाश घेणारी) घेतली आहे. उजनी धरणाचं पाणी उतरून चिखलाच्या पट्ट्या उघड्या पडल्या की भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या वाऱ्या सुरू होतील आणि दर रविवारी रात्री "माझी लेन्स सॉफ्ट आहे का?" हा प्रश्न येईल. त्यासाठी हा धागा. धंदा म्हणून कॅमेरा धरणारे चारपाच जण इथे आहेत, त्यांनी जरा सढळ हाताने लिहावं.

प्रश्न विचारताना न कापलेली मूळ फ्रेम टाका. सोबत शटरचा वेग, छिद्र (एफ/ आकडा; लहान आकडा म्हणजे जास्त प्रकाश), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), घड्याळातली वेळ आणि पक्ष्याचं अंदाजे अंतर लिहा. कापून, रंगवून, शार्प करून टाकलेल्या फोटोवरून दोष शोधणं जमत नाही.

मऊपणा पाच प्रकारचा असतो आणि प्रत्येकाची खूण वेगळी. फोटो १०० टक्के मोठा करून बघा.

पाण्यावरचे चमकते ठिपके आणि डोळ्यातली चमक, सगळं एकाच दिशेने ओढलेलं दिसलं तर कॅमेरा हलला. अंग स्वच्छ, पण पंखांची टोकं किंवा पाय पुसट असतील तर पक्षी हलला. डोळा मऊ, पण शेपूट किंवा पुढचा चिखल कोरीव असेल तर फोकस चुकला. काहीच कोरीव नाही, कडा लाटेसारख्या वाकड्या, आणि एकाच बर्स्टमधल्या (बटण दाबून धरून सलग काढलेल्या) दोन फ्रेम्समध्ये चोचीचा आकारही थोडा वेगळा, तर मधली हवा हलत होती. आणि पिसं मेणाची वाटत असतील तर प्रकाश कमी पडला होता, पुढचं काम नॉइज (दाणे) घालवणाऱ्या सॉफ्टवेअरने केलं.

यांतल्या एकावरही लेन्स बदलणं हा उपाय नाही.

कुरव

चला, माझ्यापासून करा. २००-६००, पूर्ण ६०० वर, एफ/६.३, १/१०००, आयएसओ ४००, वेळ १०:४०, अंतर ऐंशी-नव्वद मीटर. रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा चरतोय, मी होडीत. आठ फ्रेम्स, एकही कोरीव नाही. डोळ्यावर फोकसची चौकट आलेली दिसतेय.

तिसरा_डोळा

फ्रेम ३ आणि फ्रेम ६ शेजारी ठेवून पाहिल्या. पायांच्या उभ्या रेषा दोन्हींत वेगवेगळ्या जागी वाकल्या आहेत. ही हवा आहे. कॅमेऱ्याने फोकस बरोबर केला, पण जे दिसत होतं तेच हलत होतं.

दहानंतर उघडा चिखल पाण्यापेक्षा पटकन तापतो आणि त्यावरून गरम हवा वर येते. हे सगळ्यांना माहीत असतं. सहसा माहीत नसतं ते असं, की थंडीत अगदी पहाटेही हाच त्रास होतो. तेव्हा पाणी हवेपेक्षा उबदार असतं. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदयाच्या वेळी पाण्यावर वाफ दिसते ना, त्या वेळी शंभर मीटरवरचा पक्षी कोरीव मिळत नाही. वाफ दिसत नसली तरी थर असतो. म्हणजे पहाटे सोनेरी प्रकाशात जवळचे पक्षी घ्या, किंवा लांबची छायाकृती घ्या, तिला पिसांचा तपशील लागत नाही.

पक्षी ऐंशी मीटरवर असताना फ्रेम भरते, म्हणून लोक खूश होतात. दीड मीटरच्या आतबाहेरचा रोहित ६०० मिमीवर या अंतरावरून फ्रेमच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा येतो. पण मधली ऐंशी मीटर हवासुद्धा तितकीच मोठी होऊन येते. चाळीस मीटरवर या आणि ३०० मिमीने घ्या, पक्षी जवळपास तेवढाच येईल आणि हवा निम्मी होईल.

अजून एक मेख आहे. "खाली झुका, डोळ्याच्या पातळीवरून घ्या" हा सल्ला सगळे देतात आणि तो बरोबरही आहे. पण कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ नेता तितकी तुमची नजर सर्वात खळबळ असलेल्या थरातून जाते. म्हणून खाली झुकायचं ते पंधरा-वीस मीटरवरच्या शेकाट्या पक्ष्यासाठी. शंभर मीटरवरच्या थव्यासाठी होडीत उभं न राहता, पण बसून थोडं वरून घेतलेलं बरं.

तपासायची युक्ती: व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य मोठं करून पाय किंवा काठीसारखी उभी सरळ रेषा बघा. ती पोहत असेल तर बटण दाबू नका, दुसरा विषय शोधा.

लेन्सकॅप

यात एक भर. एसी लावलेल्या गाडीतून काढलेली लेन्स लगेच वापरली तर लेन्सपुढच्या हुडच्या नळीत गार आणि गरम हवा मिसळते, तिथेही असंच पोहणं सुरू होतं. लेन्स पंधरा-वीस मिनिटं बाहेर राहू द्या. कडबनवाडीच्या माळरानावर गाडीच्या खिडकीतून खोकड (कोल्ह्याची जात) किंवा भोवत्या (शिकारी पक्षी) टिपताना एसी बंद, सगळ्या काचा खाली. बॉनेटवरून तिरकं शूट करू नका, इंजिनाची धग थेट मध्ये येते.

कुरव

मग १/१००० पुरेसं होतं का? शटर वाढवलं असतं तर फरक पडला असता?

पाणथळ

हवेच्या बाबतीत नाही. पण तसंही १/१००० होडीत जेमतेमच आहे. "शटर म्हणजे फोकल लेंथचा व्यस्तांक" (६०० मिमीला १/६००) हा जुना हिशोब जमिनीवर उभं राहून, कमी मेगापिक्सेलसाठी ठीक होता. ४५ मेगापिक्सेल आणि हलती होडी असेल तर बसलेल्या पक्ष्यालाही ६०० मिमीवर १/१२५० ते १/२००० धरा. उडता रोहित १/२०००, कारण पंखांची फडफड तशी संथ आहे. सूर मारणारा नदी सुरय किंवा कवड्या खंड्या १/३२०० आणि वर. पॅनिंग (उडत्या पक्ष्यासोबत कॅमेरा फिरवणं) करायचं असेल तर उलट १/३० ते १/६०, पण ते किनाऱ्यावरून. होडीतून पॅनिंग म्हणजे दोन हालचाली एकमेकांत गुंततात.

स्टॅबिलायझेशन १/२००० वर फोटोत फारसं काही करत नाही. व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य स्थिर ठेवतं आणि त्यामुळे ऑटोफोकसला डोळा सापडायला मदत होते, तेवढ्यासाठी चालू ठेवा. सोनीच्या २००-६०० वर मोड ३ वेड्यावाकड्या हालचालीसाठी आहे, उडत्या पक्ष्यांना तो. मोड २ फक्त पॅनिंगला.

निवांत_नाना

होडीबद्दल कोणीच बोलत नाहीये, म्हणून.

ट्रायपॉड घरी ठेवा. होडीच्या तळाचा प्रत्येक धक्का तीन पायांतून सरळ कॅमेऱ्यात चढतो, आणि तीन जणांच्या होडीत त्याचे पाय पसरायला जागाही नसते. मोनोपॉड चालतो, पण तो फळीवर न टेकवता दोन पावलांच्या मध्ये, बुटाच्या टाचेवर टेकवा. सगळ्यात उत्तम बीन बॅग. तिच्यात मका किंवा तांदूळ भरायचा, तीन-चार किलो, पूर्ण ठासून नाही, तीन चतुर्थांश. पूर्ण भरली तर लेन्स वरून घसरते, अर्धी भरली तर फळीला टेकते. थर्माकोलचे मणी नकोत, दोन किलोच्या लेन्सखाली ते दबतात आणि मग परत उसळतात. बॅग रिकामी घेऊन जा, धान्य भिगवणच्या बाजारात घ्या आणि परतताना नावाड्याच्या घरी द्या.

लेन्सचा पाय बॅगेवर टेकवू नका, तो फिरवून वर करा आणि नळीच बॅगेत रुतू द्या. डावा हात लेन्सच्या वरून, हुडच्या मागे दाबून.

इंजिनाची होडी असेल तर पक्ष्यांच्या बऱ्याच अलीकडे इंजिन बंद करायला सांगा, पुढचं अंतर बांबूने किंवा वल्ह्याने. इंजिन नुसतं सुरू असलं तरी बारीक थरथर येते आणि ती १/१००० वरही दिसते. आणि होडीतल्या कोणीही उभं राहायचं नाही. एक जण उठला की बाकी दोघांच्या फ्रेम गेल्या.

लाइफ जॅकेट चढवून मगच बसा. पट्टे खांद्याला टोचतात, लेन्स नीट टेकत नाही, ही तक्रार ऐकून घेऊ नये. मे २०२४ मध्ये याच जलाशयात कुगाव ते कळाशीदरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण बुडाले. दुपारनंतर वारा उठला की फोटो गेला खड्ड्यात, होडी वळवा.

चकवा

नाना, रोहितांच्या किती जवळ जाता येतं?

निवांत_नाना

मीटरमध्ये विचारू नका, पक्षी सांगतो. चरताना रोहिताची मान खाली, चोच पाण्यात उलटी असते. त्यातल्या चारपाच जणांनी माना वर केल्या तर होडी थांबवायची. सगळा थवा माना ताठ करून एकाच दिशेने चालायला लागला, तर तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात, मागे सरका. त्यांचा कलकल आवाज वाढणं हीसुद्धा खूण. थांबून दहा मिनिटं गेली की माना परत खाली जातात, मग हळूहळू पुढे.

सरळ त्यांच्या अंगावर जायचं नाही. तिरकं, शेजारून निघून चाललोय असं दाखवत. शिवाय सूर्य आपल्या पाठीशी येईल अशी बाजू आधी धरून मगच जवळ जायचं. होडी पुढे गेल्यावर "काका, जरा त्या बाजूला घ्या ना" म्हणालात तर थव्याच्या तोंडासमोरून आडवं जावं लागतं, आणि खेळ तिथेच संपतो. तुमची सावली पक्ष्याकडे पडत असेल तर प्रकाश बरोबर.

"उडवा ना एकदा" हे नावाड्याला कधीही म्हणू नका. रोहित जड पक्षी, त्याला पळत जाऊन उठावं लागतं, त्यात बरीच ताकद जाते. दिवसभरात पाच होड्यांनी पाचदा उडवलं तर त्याला चरायला मिळणार कधी? उडण्याचा फोटो हवाच असेल तर वारा बघा. मोठे पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उठतात आणि तसेच उतरतात. वारा तुमच्या पाठीवर येत असेल तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून उठेल. सकाळी सूर्य आणि वारा दोन्ही पाठीशी आले तर तिथे नुसतं बसून राहा. ते आपणहून जागा बदलतातच.

शेकाट्या

एक विनंती जोडतो. उन्हाळ्याकडे पाणी आणखी उतरलं की बेटांवर आणि वाळूच्या पट्ट्यांवर नदी सुरयची अंडी उघड्यावर असतात, वाळूच्याच रंगाची. तिथे उतरू नका. पक्षी दहा मिनिटं उठून राहिला तरी उन्हात अंडी भाजतात. आणि कुरव पक्ष्यांना शेव-गाठ्या टाकून होडीभोवती गोळा करणं बंद करा. फोटो सगळ्यांचे एकसारखे येतात, आणि पक्ष्यांच्या पोटात मीठ-तेल जातं ते वेगळंच.

चकवा

एक्सपोजरबद्दल. कॅमेऱ्याची बॉडी सगळ्यात महाग असूनही माझे चमचे (स्पूनबिल) आणि बगळे पांढरे फटक येतात, पिसंच दिसत नाहीत. ऑटो आयएसओ, मॅन्युअल शटर आणि छिद्र.

तिसरा_डोळा

ऑटो आयएसओ सोडा. प्रकाश बदलत नाही, बदलते ती फक्त पार्श्वभूमी, पण कॅमेरा तिलाच प्रकाश समजतो. चमचा गडद पाण्यावरून उडाला की कॅमेरा म्हणतो अंधार आहे, आयएसओ वाढवतो, पिसं जळतात. तोच चमचा उजळ आकाशात गेला की आयएसओ उतरतो आणि पोटाखाली काळोख. तीन सेकंदांत दोन्ही. निरभ्र थंडीच्या सकाळी पूर्ण मॅन्युअल लावा आणि दर पंधरा मिनिटांनी एकदा बदला.

अंदाज घ्या. सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने एफ/६.३, १/१२५०, आयएसओ ८००. नऊच्या सुमारास पांढऱ्या पक्ष्याला एफ/६.३, १/३२००, आयएसओ ५००. भर उन्हात जुना सनी सिक्स्टीनचा नियम: एफ/१६ ला शटर म्हणजे आयएसओचा व्यस्तांक. आयएसओ ४०० ला ते होतं एफ/१६, १/४००, म्हणजेच एफ/८, १/१६००. पांढऱ्या पक्ष्याला त्यातून एक स्टॉप कमी (निम्मा प्रकाश), म्हणजे १/३२००. इथून सुरू करा आणि झेब्रा (जळत्या भागांवर दिसणारे पट्टे) किंवा लुकलुकणारे हायलाइट बघून एकतृतीयांश स्टॉप इकडेतिकडे.

झेब्रा आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) जेपेगवरून बनतात, रॉवरून (सेन्सरच्या कच्च्या फाइलवरून) नाही. पिक्चर प्रोफाइल "व्हिव्हिड" असेल तर ते उगाच लवकर घाबरवतात. "न्यूट्रल" ठेवा. मग पाठीवरच्या एकदोन पिसांवर लुकलुक दिसली तरी रॉमध्ये ती सहसा सापडतात.

रानभूल

सरसकट असहमत. मॅन्युअल निरभ्र आकाशात ठीक. ढगाळ हवेत, किंवा कडबनवाडीला लांडगा बाभळीच्या सावलीतून उन्हात येतो तेव्हा प्रकाश खरोखरच दोन-तीन स्टॉप बदलतो. तिथे पूर्ण मॅन्युअल धरून बसणं म्हणजे हट्ट. ऑटो आयएसओ ठेवा, एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ-काळा हे सांगणारा आकडा) अंगठ्याखालच्या चकतीवर आणा आणि गडद पाण्यासमोर पांढरा छोटा पक्षी आला की वजा एक ते वजा दीड लावा. आकाशासमोर गडद घार, अधिक एक. ही चकती न बघता फिरवायची सवय झाली की काम होतं. लग्नात हॉलमधून मांडवात जाताना आम्ही हेच करतो.

तिसरा_डोळा

ढगाळ आणि सावलीच्या बाबतीत मान्य. रोहितांसाठी अजूनही मॅन्युअलच.

चकवा

आणि आयएसओची वरची मर्यादा? मी १६०० च्या वर जाऊ देत नाही, नॉइजमुळे.

रानभूल

हा फार महागात पडणारा समज आहे. १६०० वर दोन स्टॉप काळा काढलेला आणि नंतर संगणकावर वर खेचलेला फोटो ६४०० वर बरोबर काढलेल्या फोटोइतकाच दाणेदार येतो, कधीकधी जास्तच. दाणे येतात ते सेन्सरवर प्रकाश कमी पोचल्यामुळे. १६०० चं कुलूप लावलं की कॅमेऱ्याकडे शटर खाली आणणं किंवा फोटो काळा करणं एवढंच उरतं. फुल फ्रेम सेन्सरला मर्यादा १२८०० करा, छोट्या क्रॉप सेन्सरला ६४००. दाणे नंतर निघतात, हललेला फोटो सुधारत नाही.

नॉइज काढताना एक जपा. एआय डीनॉइज रॉवरच चालवा आणि जोर अर्ध्याच्या आसपास ठेवा. पूर्ण जोरात ते नसलेली पिसं काढून देतं. रोहिताच्या मानेवर खवले दिसायला लागले की समजायचं.

लेन्सकॅप

ऑटोफोकसचे काही ठरावीक लोचे.

पूर्ण फ्रेमचं क्षेत्र आणि पक्षी-ओळख चालू ठेवून थव्याकडे कॅमेरा धरला तर शंभर डोळ्यांतून कॅमेरा आपल्या मर्जीचा उचलतो, बहुतेक वेळा सगळ्यात जवळचा. थव्यात छोटं क्षेत्र, हव्या त्या पक्ष्याच्या मानेवर. मोकळ्या आकाशात एकटा पक्षी असेल तर मोठं क्षेत्र. दोन्ही दोन वेगळ्या बटणांवर लावा. एएफ-ऑन (मागचं फोकसचं बटण) वर छोटं आणि शेजारच्या बटणावर मोठं. मेनूत जाऊन बदलायला वेळ मिळत नाही. शटर बटणावरून फोकस काढून टाकला की आणखी सुटसुटीत.

पक्षी गवताआड किंवा दुसऱ्या पक्ष्यामागे गेला की फोकस उडी मारतो, त्यासाठी ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी. इथे एक गंमत आहे, कंपन्यांचे आकडे उलटे. सोनीत १ म्हणजे धरून ठेव, ५ म्हणजे पटकन सोड. निकॉनच्या ब्लॉक्ड शॉट रिस्पॉन्समध्ये ५ म्हणजे थांब, १ म्हणजे लगेच बदल. दुसऱ्याने सांगितलेला आकडा ब्रँड न विचारता लावलात तर नेमकं उलटं होतं.

लिमिटर स्विच वापरा, तो फोकस शोधायचं अंतर बांधून देतो. सोनी २००-६०० वर दहा मीटर ते अनंत. फोकस चुकून जवळ गेला तर परत यायला अर्धा सेकंद जातो, तेवढ्यात सुरय पाण्यात शिरून बाहेर येतो. फक्त होडीजवळ खंड्या येऊन बसला की स्विच परत पूर्ण करायला विसरू नका, नाहीतर "ऑटोफोकस बिघडला" म्हणून सेवा केंद्रात जाल.

आणि लांब लेन्समधून पक्षी सापडतच नाही, ही तक्रार. झूम असेल तर २०० वर पक्षी पकडा, फोकस करा, मग ६०० वर जा. ६०० प्राइम (झूम नसलेली) असेल तर दोन्ही डोळे उघडे ठेवा, फोकस आधीच साधारण त्या अंतरावर आणून ठेवा, आणि नजर पक्ष्यावरून न हलवता कॅमेरा डोळ्याशी आणा. फोकस फार जवळ राहिला असेल तर पक्षी चौकटीत असूनही दिसत नाही, इतका तो धूसर असतो.

कुरव

एफ/४ वाली ६०० आता घेण्यात काही अर्थ आहे का मग? दहा लाखांच्या वर जाते.

पाणथळ

ज्यांनी घेतलीय त्यांना आधी एक धोक्याची सूचना. दहा मीटरवरच्या खंड्याला ६०० मिमी, एफ/४, फुल फ्रेमवर कोरीव पट्टा जेमतेम सहा-सात सेंटिमीटरचा. डोळ्यावर फोकस असला तरी शेपूट गेलीच. वीस मीटरवर सत्तावीस सेंटिमीटर. म्हणजे उडता रोहित तिरका आला तर पुढचा पंख धूसर. पैसे एफ/४ चे दिले म्हणून कायम एफ/४ वर राहायची गरज नाही, ऊन चांगलं असताना ५.६, ७.१ वर जा.

फायदा खरा आहे तो पहिल्या आणि शेवटच्या अर्ध्या तासात. एफ/६.३ च्या तुलनेत सव्वा स्टॉपहून थोडा जास्त प्रकाश, आणि पार्श्वभूमी स्वच्छ विरघळते. टेलीकन्व्हर्टर (फोकल लेंथ वाढवणारी जोडलेन्स) लावल्यावरही तो उरतो: १.४ लावून ८४० एफ/५.६. तोच १.४ झूमवर लावला की ८४० एफ/९, आणि २ पट लावला तर १२०० एफ/१३. एफ/१३ वर सकाळी आठला १/२००० हवं असेल तर आयएसओ किती चढेल बघा. शिवाय १२०० मिमीने तुम्ही लांबचा पक्षी मोठा करता, म्हणजे वर सांगितलेली हवा आणखी मोठी. कॅननच्या १००-५०० वर एक्स्टेंडर (कॅननचा टेलीकन्व्हर्टर) लावलात तर झूम ३०० च्या खाली येत नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही.

भिगवणला, जिथे होडी जवळ नेते, तिथे २००-६०० ने ९० टक्के कामं होतात असं माझं मत. एफ/४ ची गरज जंगलात, सावलीत.

रानभूल

आणि लेन्सपुढचा यूव्ही फिल्टर काढा. दोन लाखांच्या लेन्सपुढे हजार रुपयांची काच. ६०० मिमीवर तो फिल्टर स्वतःच मऊपणा आणतो, उजेडाविरुद्ध भुतासारखे ठिपके आणतो. समोरच्या काचेचं रक्षण हुड करतो.

शेकाट्या

बॉडीबद्दलही लिहा कोणीतरी. इलेक्ट्रॉनिक शटरवर सेकंदाला ३० फ्रेम्स म्हणून लोक खूश असतात आणि सुरयचे पंख केळ्यासारखे वाकलेले.

लेन्सकॅप

बरोबर. साध्या सेन्सरच्या बॉडीत इलेक्ट्रॉनिक शटर ओळीओळीने सावकाश वाचतो, तेवढ्यात पंख पुढे गेलेला असतो. सोनीच्या ए७ ४, ए७आर ५ असल्या बॉडीत उडत्या पक्ष्यांना मेकॅनिकल. निकॉन झेड८, झेड९, सोनी ए१, कॅनन आर३ चे सेन्सर स्टॅक्ड (झपाट्याने वाचणारे) आहेत, तिथे काळजी नाही. कॅनन आर५ मध्ये इलेक्ट्रॉनिक शटर लावला की रॉ १२ बिटवर येतो, सावलीतल्या रंगांत ते दिसतं. ए७ ४ ला सेकंदाला दहा फ्रेम्स मिळतात त्या फक्त कॉम्प्रेस्ड रॉमध्ये, लॉसलेस निवडलं की वेग उतरतो. "माझा कॅमेरा जाहिरातीइतका चालत नाही" याचं उत्तर बहुतेक वेळा हेच.

कार्डही बघा. ४५ मेगापिक्सेलची लॉसलेस रॉ ५० एमबीच्या घरात. वीस फ्रेम्स म्हणजे सेकंदाला सुमारे एक जीबी. व्ही३० एसडी कार्ड हमी देतं सेकंदाला ३० एमबीची. बफर (कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण) भरला की नेमका पक्षी उठताना कॅमेरा गप्प. सीएफएक्सप्रेस कार्ड घ्या आणि तरीही बर्स्ट छोटे मारा, एका वेळी सहा-आठ फ्रेम्स. दोन्ही स्लॉटमध्ये एकाच वेळी लिहायला लावलं असेल तर वेग हळू कार्डाचाच मिळतो.

चकवा

शेवटचा प्रश्न. चांगल्या व्यावसायिक माणसाकडून शिकायचं तर वर्कशॉप कसं निवडायचं? शुल्क बरंच असतं.

रानभूल

पैसे भरायच्या आधी विचारा: एका होडीत फोटो काढणारे किती? तीनपेक्षा जास्त असतील तर मधल्याला फक्त शेजाऱ्याचा हुड दिसतो. शिकवणारा स्वतः कॅमेरा घेऊन येणार का? तो स्वतःचे फोटो काढत असेल तर तुमच्या खांद्यावरून तुमचा व्ह्यूफाइंडर कोण बघणार? दुपारी, ऊन वर आल्यावर, फ्रेम्स एकत्र बघायचा वेळ ठेवलाय का, की जेवण करून परत? "फोटोची हमी" देणारा असेल तर नकोच. हमी पूर्ण करायला पक्षी उडवावे लागतात.

जाताना लॅपटॉपवर निवडलेले पंधरा फोटो नेऊ नका. गेल्या खेपेचं कार्ड तसंच न्या, फसलेल्या बर्स्टसकट. "कसा वाटला?" असं विचारलं की "छान" एवढंच मिळतं. "या बारा फ्रेम्सपैकी चौथीनंतर फोकस का सुटला?" असं विचारलं तर उत्तर मिळतं. आणि शिकवणाऱ्याचे निवडक फोटो तर दिसतातच, त्याचे एकाच बर्स्टचे सगळे फ्रेम्स दाखवायला सांगा. तो कधी बटण दाबत नाही हे त्यात कळतं.

निवांत_नाना

आणि नावाड्याला विसरू नका. पाणी रोज किती उतरलं, कोणत्या पट्टीवर आज थवा आहे, वारा कधी फिरतो, हे त्याला ठाऊक. निघायच्या आदल्या संध्याकाळी फोन करा. "फ्लेमिंगो आहेत का?" एवढंच विचारू नका. "कुठल्या बाजूला चरतायत, तिथे पाणी किती, सकाळी सूर्य कुठून येतो?" हे विचारा. पाणी जास्त असेल तर होडी जवळ जाते, पण रोहित नसतात. फार उतरलं तर रोहित असतात, पण होडी चिखलात अडते. अशा वेळी किनाऱ्यावरून, चटईवर पालथं पडून घ्यावं लागतं, त्यासाठी बीन बॅग अर्धी रिकामी करा, म्हणजे लेन्स पुरेशी खाली येते.

कुरव

नाना, पालथं पडून घेतलं तर ती वरची हवा?

निवांत_नाना

तीस मीटरच्या आतले पक्षीच घ्यायचे. शेकाटे, तुतवार काठाकाठाने चरत आपणहून जवळ येतात. सातला जाऊन पडा, साडेआठपर्यंत. रोहित लांब असतील तर त्यांना त्या दिवशी सोडून द्या.